सोवनींच्या इंजिनावरचं अक्षर

सोसायटीच्या फलकावर लागलेली सूचना गोपाळकृष्ण सोवनींनी आधी लाल पेनाने तपासली आणि मगच ते संतापले. 'भंगारसदृष्य व विनानोंदणी वाहने महिनाअखेरपर्यंत हलवावित, अन्यथा संस्था ती हलवेल.' त्यांनी 'सदृष्य'चं 'सदृश' केलं, 'हलवावित'मधली वेलांटी दीर्घ केली, पेनाला टोपण लावलं, आणि तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की कर्वेनगरातल्या आपल्या या सोसायटीत विनानोंदणी वाहन एकच आहे आणि ते आपलं आहे.

ते वाहन म्हणजे त्यांच्या वडिलांची स्टँडर्ड व्हॅनगार्ड मोटार. राखाडी, गोल पाठीची, एकावन्न सालची. नोंदणीची मुदत केव्हाच उलटली होती, तरी दर रविवारी सकाळी गोपाळकृष्ण ती सुरू करत आणि आवारात एक चक्कर मारत. तिचा आवाज आला की तळमजल्यावरची मंडळी खिडक्या लावून घेत. गोपाळकृष्णांच्या मते ती आदराने लावत.

ते तडक सेक्रेटरीकडे गेले. सेक्रेटरी इंद्रजीत हा आयटीतला चाळिशीचा माणूस. तो दार उघडतानाही कानातल्या यंत्रावर कोणाशी तरी बोलत असे, त्यामुळे त्याचं पहिलं वाक्य आपल्याला उद्देशून आहे की अमेरिकेला, हे कळत नसे.

"काका, नथिंग पर्सनल," तो म्हणाला. हे बहुधा गोपाळकृष्णांना होतं. "इन्शुरन्सचा इश्यू आहे. आणि तुमच्या स्लॉटमध्ये आपल्याला चार्जिंग पॉइंट करायचाय."

"गाडी चालते माझी."

"चालण्याचा प्रश्नच नाहीये. पेपर्सचा आहे."

"मग सूचनेत भंगार का लिहिलंत?"

"ते टेम्प्लेटमध्ये होतं, काका."

आपल्या वडिलांच्या गाडीचा अपमान निदान कोणी तरी विचार करून करावा, एवढी गोपाळकृष्णांची माफक अपेक्षा होती. ती पुरी न झाल्याने ते घरी आले आणि पत्नीला, श्यामलाबाईंना, म्हणाले, "मी गाडीची रीतसर नोंदणी करून आणतो. पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी सरकारने वेगळी सोय केली आहे. विंटेज म्हणतात तिला."

"माणसांसाठी केली आहे का?" श्यामलाबाईंनी भाजी निवडता निवडता विचारलं.

अर्जाला इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकलेल्या नंबराची पेन्सिलप्रिंट जोडायची होती. म्हणजे नंबरावर कागद धरायचा, वरून पेन्सिल घासायची, आकडे कागदावर उमटतात. हे वाचून गोपाळकृष्ण चक्क हसले. खडकीच्या कारखान्यात त्यांचं सगळं आयुष्य तपासणी विभागात गेलं होतं. धातूवर ठोकलेले नंबर भिंगातून वाचायचे आणि चुकलेला तुकडा बाजूला काढायचा, हा त्यांचा धंदा. आपल्या हाताखालून चुकीच्या ठशाचा एकही तुकडा कधी गेला नाही, हे ते समोरच्याने विचारायच्या आत सांगत. अशा माणसाकडून सरकारने एका नंबराची प्रिंट मागावी, म्हणजे गवयाला तोंड उघडायला सांगण्यासारखं होतं.

प्रत्यक्षात नंबर सापडेना. इंजिनावर वडिलांनी स्वहस्ते चांदीच्या रंगाचे इतके थर चढवले होते की बॉनेटच्या आत लग्नातली चांदीची समई ठेवल्यासारखं दिसे. गोपाळकृष्ण रॉकेलची वाटी आणि दातांचा ब्रश घेऊन वाकले. पाचच मिनिटांत शेजारचे आमोद पेंडसे येऊन उभे राहिले. पेंडसे बँकेतून निवृत्त झालेले. कर्ज नाकारण्यात हयात गेल्यामुळे आता सल्ला देण्यात ते अतिशय उदार होते.

"रॉकेलनं नाही निघायचं," पेंडसे म्हणाले. "हेअर ड्रायर लावा."

"पेंडसे, हे इंजिन आहे. आंघोळ करून आलेलं नाही."

"माझ्या मेव्हण्यानं लावला होता."

"गाडीला?"

"कपाटाला. पण तत्त्व एकच."

वरून गॅलरीतून श्यामलाबाई म्हणाल्या, "अहो, तो ब्रश माझा आहे का बघा."

"नाही."

"तुमचाही नाही, तुमचा मी आत्ता पाहिला. म्हणजे पाहुण्यांचा आहे. चालू द्या."

अखेर चांदी निघाली आणि ब्लॉकच्या कुशीला ठसा दिसला. आकडे, त्यांच्यामागे ई हे इंग्रजी अक्षर आणि पुढे एस. गोपाळकृष्णांनी खिशातलं नोंदणीपुस्तक काढलं. त्यात पुढे व्ही होता, आणि आकडेही निराळेच होते. त्यांनी चष्मा पुसला, भिंग आणवलं, पुन्हा वाचलं. एस तो एसच. पेंडसे म्हणाले, तो एस नसून पाच आहे. तळमजल्यावरच्या बाई म्हणाल्या, हे गणपतीच्या सोंडेसारखं काही तरी दिसतंय, शुभ आहे. एवढ्यात ऑफिसला निघालेल्या इंद्रजीतने फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली मतदान ठेवलं. निकाल 'पाच'च्या बाजूने लागला.

"ठशाचं वाचन बहुमताने होत नाही," गोपाळकृष्ण भर पार्किंगमध्ये म्हणाले. ते ऐकायला तेव्हा फक्त वॉचमन उरला होता. त्यानेही 'पाच'ला मत दिलं होतं.

अशा वेळी जाणत्यांकडे जावं म्हणून त्यांनी नंबराचा फोटो परदेशातल्या एका जुन्या गाड्यांच्या मंडळाला पाठवला. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं आणि अतिशय सौजन्याने आलं. अभिनंदन, त्यांनी लिहिलं होतं, ट्रॅक्टरचं इतकं सुस्थितीतलं इंजिन आमच्या क्वचितच पाहण्यात येतं. त्या काळी एकाच कारखान्यात दोन्ही इंजिनं होत, घडण जवळजवळ तीच. मोटारीच्या इंजिनावर व्ही ठोकत, ट्रॅक्टरच्या इंजिनावर एस. आपल्या ट्रॅक्टरचा एखादा फोटो पाठवाल का?

गोपाळकृष्ण उठले, पाणी प्यायले, परत येऊन बसले आणि त्यांनी उत्तर लिहिलं की आमच्याकडे ट्रॅक्टर नाही, आम्ही पुण्यात राहतो.

श्यामलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे लग्न झाल्यावर मी ज्यातून या घरी आले, तो ट्रॅक्टर होता."

"ट्रॅक्टर नव्हता. इंजिन फक्त."

"हो, फक्त इंजिन. आमच्या आत्या तेव्हा म्हणाल्या होत्या, आवाज ओळखीचा वाटतो. आत्यांची शेती होती."

नोंदणीच्या कचेरीत अपूर्वा नावाच्या तरुण निरीक्षक होत्या. गोपाळकृष्ण भांडायची पूर्ण तयारी करून गेले होते, पण त्या बाईंनी त्यांना खुर्ची दिली, त्यामुळे सुरुवातच बिघडली.

"सर, इतकी स्वच्छ पेन्सिलप्रिंट आमच्याकडे येत नाही," त्या म्हणाल्या. "आणि आपण बरोबर वाचलंय. एसच आहे."

"मी तेच सांगतोय सगळ्यांना."

"फक्त मग गाडी आपली नाही."

"काय म्हणालात?"

"म्हणजे कागदावरची गाडी आपली आहे. आपल्याकडे जी उभी आहे ती कागदावरची नाही. मूळ इंजिन असेल तरच या नोंदणीत बसेल, सर. मूळ इंजिन कुठे आहे?"

"मला काय ठाऊक?"

"गाडी पहिल्यापासून सोवनींच्याच नावावर आहे," अपूर्वाबाई नम्रपणे म्हणाल्या. "कोणाला तरी ठाऊक असणार."

आयुष्यभर दुसऱ्यांचे चुकीचे तुकडे बाजूला काढलेल्या माणसाला आज त्याच्याच वडिलांच्या गाडीसह बाजूला काढलं गेलं होतं, आणि तेही खुर्ची देऊन. चिडायला जागाच ठेवली नव्हती. त्यामुळे ते रिक्षावाल्यावर चिडले आणि भवानी पेठेत दादामियाँच्या गॅरेजवर जाऊन उतरले.

दादामियाँ वडिलांच्या वेळेपासून गाडी बघत. आता गॅरेज त्यांचा पुतण्या फैज चालवी आणि दादामियाँ दारात खुर्ची टाकून येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून तिचा आजार सांगत. तो बहुतेक वेळा चुकीचा निघे, पण सांगण्याचा रुबाब असा की गिऱ्हाईक तोही दुरुस्त करून घेई.

"या, छोटे साहेब," दादामियाँ म्हणाले. छोट्या साहेबांची सत्तरी उलटून गेली होती.

"दादामियाँ, माझ्या गाडीत ट्रॅक्टरचं इंजिन आहे."

"आहे ना. मीच बसवलं. चहा सांगू?"

चहा येईपर्यंत हकिकत कळली. गोपाळकृष्ण शाळेत असताना एकदा कात्रजच्या घाटात पाणी आटून ब्लॉकला तडा गेला. नवा ब्लॉक मिळेना. लोणी काळभोरच्या एका काळभोरांचा ट्रॅक्टर तेव्हा गिअर तुटून गॅरेजात पडून होता, त्याचं इंजिन मात्र ठणठणीत. "खालचं तेलाचं तबक बदललं, बाकी सख्खे भाऊ," दादामियाँ म्हणाले. "वर्षभराने ट्रॅक्टरचे गिअर मिळाले. तोवर तुमच्या ब्लॉकची भेग मी पितळेने सांधली होती. ते इंजिन ट्रॅक्टरला देऊन टाकलं. हिशोब बरोबर."

"आणि माझ्या वडिलांना हे माहीत होतं?"

"माहीत? इंजिन उतरवताना उजेडाला बॅटरी धरून तेच उभे होते. म्हणाले, दादा, घरी बोलू नकोस, आमच्याकडे गाडीचं कौतुक फार आहे. चांदीच्या रंगाचा डबा मीच दिला त्यांना."

"ही फसवणूक आहे."

"कोणाची?" दादामियाँनी शांतपणे बशीत चहा ओतला. "त्याच्यानंतर कात्रज चढायला लागली ना गाडी? त्याच्या आधी एकदा तरी न थांबता चढली होती?"

गोपाळकृष्णांना आठवलं ते एवढंच, की लहानपणी घाट म्हणजे आईने रस्त्याच्या कडेला पाण्याची कळशी घेऊन उभं राहायचं ठिकाण आहे, अशी त्यांची समजूत होती. पण रागाची गंमत अशी असते की उत्तर सुचलं नाही की तो वाढतो. दुसऱ्या दिवशी ते बसने लोणी काळभोरला निघाले. आपलं व्ही इंजिन परत आणायचं, वडिलांवरचा डाग धुऊन काढायचा, आणि इंद्रजीतच्या दारावर कागद आपटायचा, असा एकूण बेत होता.

दादामियाँनी खूण सांगितली होती, त्यामुळे काळभोरांचं घर शोधावं लागलं नाही. घरच्या कर्त्या होत्या मुक्ताई, ज्या काळभोरांचा तो ट्रॅक्टर, त्यांची सून. साठीच्या पुढच्या, आवाजाने दणदणीत. ट्रॅक्टर शेडमध्ये झाकून ठेवलेला होता. गोपाळकृष्णांनी आयुष्यभर केलं तेच केलं; भिंग काढलं आणि ठसा वाचला. नोंदणीपुस्तकातला व्ही आणि त्याच्यामागचे आकडे जसेच्या तसे तिथे होते. भिंग पुसून त्यांनी ठसा दुसऱ्यांदा वाचला. तपासणी विभागात हे कधी झालं नव्हतं.

"म्हंजी आमच्या ट्रॅक्टरात मोटारीचं इंजान हाय?" मुक्ताईंनी विचारलं.

"हो."

"तरीच." त्या ओट्यावर टेकल्या. "सासरे जलमभर म्हनायचे, ह्यो ट्रॅक्टर रस्त्यानं लई झ्याक पळतो आन वावरात उतरला की रुसतो. मला वाटायचं, बाप्यांच्या संगतीनं बिघडलाय."

"आमच्या घराण्याची फार मोठी फसवणूक झालेली आहे, बाई," गोपाळकृष्णांनी सुरुवात केली.

"तुमची?" मुक्ताई उठून उभ्या राहिल्या. "आवो, आमचं दनकट इंजान तुमी न्येलं आन सांधल्यालं आमच्या गळ्यात मारलं. येवढी वर्सं आमी त्याच्या पाया पडून नांगरतोय, आन फसवनूक तुमची?"

"मी नाही, माझ्या वडिलांनी..."

"येकच की."

भांडायला आलेल्या माणसाला आपल्या आधी दुसराच भांडतो आहे असं दिसलं की काय करावं हे कळत नाही. त्या घरातला सगळा संताप मुक्ताईंनी ताब्यात घेतला होता. गोपाळकृष्णांच्या वाट्याला ताक आलं. ते पिऊन झाल्यावर तह झाला, आमचं आम्हाला द्या, तुमचं तुम्ही न्या.

गाडी टेम्पोवर घालून लोणीला नेली. शेडच्या बाहेर चिंचेखाली फैजने दोन्ही इंजिनं उतरवली, आणि दादामियाँनी खुर्चीत बसून हुकूम सोडले. फैज ते ऐकून घेत होता आणि आपल्याला पाहिजे ते करत होता, त्यामुळे काम वेळेवर झालं. ट्रॅक्टर पहिल्या झटक्यात सुरू झाला आणि पलीकडच्या बांधावरची म्हैस उठून उभी राहिली. मुक्ताईंनी पदर खोचला, बसल्या आणि नांगर लावून शेताच्या टोकापर्यंत जाऊन आल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी डोळे पुसले.

गाडी बऱ्याच विनवण्यांनंतर सुरू झाली. आवाज अगदी मऊ.

"ऐका," गोपाळकृष्ण म्हणाले. "याला म्हणतात खानदानी आवाज."

"याला दमा म्हणतात, छोटे साहेब," दादामियाँ म्हणाले.

गाडी कचेरीत दाखवायला नेण्यापुरती परवानगी घेतलेली होती. कचेरीत जायच्या दिवशी गोपाळकृष्ण इस्त्रीचे कपडे घालून लोणीला गेले आणि गाडीत बसले. मुक्ताई म्हणाल्या, "मी ट्रॅक्टर घिऊन मागनं येते. तुमची गाडी मला बरी वाटत न्हाई." याचा गोपाळकृष्णांना राग आला. सोलापूर रस्त्याला लागल्यावरही तो टिकला; पण हडपसरला गाडी एकदा शिंकली, थरथरली आणि थांबली, तेव्हा तो राग कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. मुक्ताईंनी काही न विचारता ट्रॅक्टर पुढे घेतला आणि दोरखंड बांधला.

तिथून पुढचा प्रवास गोपाळकृष्ण कोणाला सांगत नाहीत. ते स्टिअरिंग धरून ताठ बसले होते, नजर समोर, जणू पुढचा ट्रॅक्टर योगायोगानेच त्या दिशेने चालला आहे. स्कूटरवरची मुलं मोबाइल धरून चित्रं घेत होती. सिग्नलला एका रिक्षावाल्याने आत डोकावून विचारलं, "काका, पेरणी कर्वेनगरात का?" आपण कर्वेनगरात राहतो हे याला कसं कळलं, या विचारात पुढचा सिग्नल गेला. मग लक्षात आलं, मागच्या काचेवर सोसायटीचं स्टिकर होतं.

अपूर्वाबाई बाहेर आल्या. त्यांनी ब्लॉक पाहिला, नोंदणीपुस्तक पाहिलं, पुन्हा ब्लॉक पाहिला. "अक्षर न् अक्षर जुळतंय, सर. मंजूर." गोपाळकृष्णांनी इस्त्रीच्या शर्टाची कॉलर नीट केली. वडिलांचा फोटो सोबत आणायला हवा होता, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात अपूर्वाबाईंची नजर दोरखंडावरून पुढे गेली.

"ट्रॅक्टर कोणाचा? कागद आहेत?"

"आमचं समदं कायद्यात हाय," मुक्ताई अभिमानाने म्हणाल्या आणि पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद काढले. "सासरे सरकारला लई भ्यायचे. इंजान बदललं तवाच त्यांनी नवा नंबर लावून घ्येतला."

अपूर्वाबाईंनी कागद वाचला. ट्रॅक्टरच्या नावे इंजिन नंबर होता व्हीचा. तो नंबर आत्ताच, त्यांच्याच सहीने, मोटारीत मूळचा म्हणून मंजूर झाला होता. ट्रॅक्टरच्या ब्लॉकवर मात्र एस होता, आणि तो कोणाच्याच कागदावर नव्हता.

अपूर्वाबाईंनी तो कागद नोंदणीपुस्तकाशेजारी ठेवला.

"म्हणजे इतकी वर्षं हा ट्रॅक्टर बरोबर होता," अपूर्वाबाई सावकाश म्हणाल्या, "आणि आपण तो परवा चुकीचा केलात."

मुक्ताईंनी गोपाळकृष्णांकडे पाहिलं. लोणीला त्या भांडल्या होत्या, ते परवडलं असतं. नोंद दुरुस्त होईपर्यंत ट्रॅक्टर जवळच कुठे तरी उभा करायचा, एवढी सवलत मिळाली. गोपाळकृष्णांनी तिथल्या तिथे दुरुस्तीचा अर्ज लिहायला घेतला. 'बदलाचे कारण' या रकान्यापाशी पेन थांबलं. मग त्यांनी लिहिलं, 'माझ्या वडिलांनी, स्वतःच्या संपूर्ण माहितीनिशी, इंजिन बदलून घेतले होते.' त्याखाली सही केली. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, पण वाचून पाहायचं धैर्य झालं नाही.

अशा रीतीने ट्रॅक्टर गाडीला ओढत सोसायटीत आला आणि तिच्या शेजारी, नियोजित चार्जिंग पॉइंटवर, उभा राहिला. कागद होईपर्यंत मुक्ताई सोवनींकडेच उतरल्या. त्यांचं आणि श्यामलाबाईंचं इतकं जमलं की गोपाळकृष्णांना दोघींमध्ये बोलायला जागा मिळेना.

महिनाअखेरीला इंद्रजीत हातात मोबाइल घेऊन खाली आला. मुक्ताई ट्रॅक्टरच्या सीटवर बसून मेथी निवडत होत्या.

"काका, हा ट्रॅक्टर विनानोंदणी आहे. हलवावा लागेल. सॉरी."

गोपाळकृष्ण तोवर थकलेले होते. पण हे ऐकताच अंगात पुन्हा ती जुनी ऊब आली. "हात लावायचा नाही," ते म्हणाले. "ते इंजिन माझ्या वडिलांनी पारखून घेतलेलं आहे. आमची आई या इंजिनामागे बसून महाबळेश्वरला जाऊन आली. माझं लग्न याच्यावर झालं. कात्रज न थांबता चढलेलं इंजिन आहे ते, आणि तुम्ही त्याला विनानोंदणी म्हणता? कागद येतील त्याचे. मी स्वतः प्रिंट काढून दिली आहे."

मेथी निवडायची थांबली. वर गॅलरीत श्यामलाबाईंनी कपडे वाळत घालायचं थांबवलं. इंद्रजीतने कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं. असं त्याने आजवर कोणासाठी केलं नव्हतं.

"बरं, ट्रॅक्टर राहू दे," तो म्हणाला. "मग तुमची ही गाडी तरी थोडी मागे घ्याल का? चार्जरला तेवढी जागा पुरेल."

"गाडी मागे येणार नाही," गोपाळकृष्ण म्हणाले. "ती ओरिजिनल आहे."